चार बोटं कमी

बाबांनी सत्तरी ओलांडली त्या वर्षी, भातकापणीच्या सुमारास, जेवता जेवता एकदा म्हणाले, "बंदुको आता तुझ्या नावार करून घे. माझो हात कापता." एवढंच. आमच्याकडे जमिनीच्या वाटणीलाही याहून जास्त बोलणं होतं.

बंदुका दोन. एक आजोबांची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासून भरायची, संस्थानाच्या दिवसांत पलीकडच्या वाडीतल्या लोहाराने घडवलेली. दुसरी दुनळी, बारा बोअरची, बेल्जियमची, आजोबांनीच पुढे मुंबईच्या एका दुकानातून आणलेली. तळकोकणात बागायतीच्या घरी ठासणीची बंदूक असणं हे काही नवल नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमातच ती आहे: शेतीच्या राखणीसाठी मागितली तर ठासणीची, आणि तेवढीने भागत नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी. आजोबांनी कुणाला कसं पटवलं ते माहीत नाही. गवा दोनदा सुपारीच्या बागेत घुसला होता, ही गोष्ट मात्र घरात अजून सांगतात.

माझ्या लहानपणी ठासणीची माजघरात दोन खुंट्यांवर आडवी असायची आणि तिच्या बरोबर खाली आम्हा भावंडांची अंथरुणं. दुनळी आजोबांच्या खोलीतल्या लाकडी पेटीत, कुलपात. ठासणीची म्हणजे घरचं म्हातारं माणूस, तिला कुणी कुलूप लावत नसे. हे पुढे आठवलं तेव्हा अंगावर काटा आला, पण ते पुढे.

नावावर करून घ्यायचं म्हणजे वाटलं होतं, एक अर्ज आणि दोन फोटो. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा त्याने बंदूक २५ वर्षं बाळगली, की तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. बाबा दोन्ही कसोट्यांना उतरत होते. सातबारा काढला, नुकसानीचे जुने पंचनामे काढले, डॉक्टरांकडून शरीर आणि डोकं दोन्ही ठीक असल्याचा दाखला घेतला. डॉक्टर ओळखीचे, म्हणाले शरीराचं लिहितो, डोक्याचं तुझ्या बायकोला विचारून लिहितो.

मग बाकी वारसांची संमती. भाऊ ठाण्याला, दोघी बहिणी दिलेल्या घरी. जमिनीच्या कागदावर त्यांनी न वाचता सह्या केल्या होत्या. बंदुकीच्या संमतीपत्रासाठी थोरलीचे चार फोन आले. "तुला राग लवकर येतो," हे तिचं म्हणणं. खोटं नाही. बाबांनी फोन घेतला आणि तिला सांगितलं, "राग येता तो आवशीर. बंदुकीर नाय." त्यावर ती काय बोलणार?

सगळ्यात जास्त वेळ गेला एका आकड्यात. आता प्रत्येक परवान्याला संगणकावरचा एक युनिक नंबर असतो, तो नसला तर परवाना असून नसल्यासारखा. त्या नोंदीत आमच्या दुनळीच्या क्रमांकात एके ठिकाणी ३ पडला होता. जुन्या पुस्तिकेत ८. नळीवर गंजाने अर्धा खाल्लेला जो आकडा होता तो सकाळी ३ दिसायचा, संध्याकाळी ८. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून साहेब रजेवर, असं करत पावसाळा गेला. शेवटी एका वयस्क कारकुनाने कोळशाची पूड आणि पातळ कागद मागवला, नळीवर कागद धरून वर अंगठा घासला, आणि ८ स्वच्छ उमटला. पंचनाम्याला तो कागदच जोडला. नऊ महिन्यांचं काम त्या माणसाने चहा निवायच्या आत केलं.

परवान्याआधी शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. आम्हाला शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते. बारा बोअर म्हणजे काय, हे मला जन्मभर बारा बोअरची बंदूक घरात असून त्यांच्याकडून कळलं: नळीच्या मापाची शिशाची गोळी ओतली तर एका पौंडात अशा बारा बसतात. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक. त्यांचा एकच घोष होता, बंदूक हातात आली की ती भरलेली आहे असं समजायचं. शेजारच्याने आत्ता बघून दिली असली तरी आपण बघायची. मान डोलावून मी पासाचं पत्र घेऊन आलो.

परवाना आला, पाच वर्षांचा. (पूर्वी तीन वर्षांचा असायचा, २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच.) त्यानंतर पंधरा दिवसांत वानरांचा कळप नारळावर उतरला आणि मी पहिल्यांदा हक्काने दुनळी खांद्याला लावली. जीव घ्यायचा नव्हताच. वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे, आणि आवाजाने काम होतं. आभाळाकडे नळ्या, उजवा चाप ओढला, बार निघाला, खांदा सणकून मागे गेला. डावा ओढला. घोडा पडला. टक्क. पुढे काही नाही.

मी बंदूक खाली घेऊन उघडायला लागलो तर बाबा ओट्यावरून ओरडले, "उघडू नको! वर धर. तीस मोज!"

मोजले. कधी कधी काडतूस पेटायला उशीर करतं, आणि त्याच वेळी नळी उघडली तर ते तोंडावर येतं. तिसापर्यंत काही झालं नाही. काडतूस काढून बघितलं तर बुडाच्या टोपीवर पिनेचा नुसता ओरखडा. बाबांनी ते हातात घेऊन विचारलं ते वेगळंच, "काडतुसा मोजलंस?"

हा त्यांचा नेम. दुकानदार पुस्तिकेत किती लिहितो, उडाली किती, उरली किती. रिकामी टरफलंसुद्धा ते बिस्किटाच्या डब्यात ठेवतात, वर्षाची चिठ्ठी घालून. आम्ही हसायचो.

दुरुस्तीला न्यायचं म्हणजे कोल्हापूर. आमचा परवाना शेतीराखणीचा, त्यावर क्षेत्र लिहिलेलं. बंदूक त्या क्षेत्राबाहेर न्यायची तर आधी लेखी परवानगी. दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो, कुठल्याही हुशार वेल्डरकडे बंदूक टाकता येत नाही. परवानगी घेतली आणि म्हटलं, जातोच आहे तर ठासणीचीही नेऊ, तिच्या लाकडाला वाळवी लागली होती. दोन्ही गोधडीत गुंडाळून जीपमध्ये घातल्या, बिस्किटाचा डबाही बाबांनी हट्टाने दिला, आणि फोंडा घाटाने वर गेलो. घाटातल्या रस्त्याची त्या वर्षी काय दशा होती ते सांगत नाही. मागे गोधडी उडत होती.

मिस्त्री साठीचे, वडिलोपार्जित धंदा. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली: एक वाईस, भिंतीवर कानशी लहानापासून मोठीपर्यंत ओळीने, कोपऱ्यात लाकडाचे ठोकळे, आणि तेलाचा वास. "बसा पावणं. आदी कागद दावा." कागद दोनदा वाचले, क्रमांक नळीशी ताडून बघितले, वहीत लिहून घेतले. मग दुनळी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, उजेडाकडे धरली. रिकामी. बाजूला ठेवली.

ठासणीची मीच पुढे केली. "ही तर शोभेची," मी म्हटलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. बंदुकीखालचा लोखंडी गज उपसला, नळीत सोडला. तो सर्रकन खाली गेला आणि थांबला. आवाज लोखंडावर लोखंडाचा नव्हता. मऊ, पिठाच्या डब्यात काठी टेकवावी तसा. तोंडाशी गजावर अंगठ्याचं नख धरून त्यांनी गज बाहेर काढला आणि नळीच्या बाहेरून लावून बघितला. गजाचं टोक बुडापर्यंत पोचत नव्हतं. चार बोटं कमी.

"पावणं," ते अगदी हळू म्हणाले, "ही भरल्याली हाय."

मग पोऱ्याला म्हणाले, स्टोव्ह बंद कर आणि बाहेर जा.

मी तिथेच बाकड्यावर बसलो. मनात हिशोब चालू झाला. आजोबा गेले १९८८ साली. त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता, बाबा दिवाळीला वरून तेलाचा बोळा फिरवत तेवढाच. म्हणजे आजोबांनी शेवटचा ठासलेला बार तेव्हापासून आत होता. त्याखाली आम्ही झोपलो. माझी मुलं झोपली. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा झाली, पावती लागली, महिन्या-दोन महिन्यांनी परत आली, भरलेलीच. आणि आता गोधडीत उड्या मारत घाट चढली. सुभेदारांच्या पासाचं पत्र माझ्या खिशात होतं. दुनळी मी दहा वेळा उघडून बघितली होती, कारण ती उघडते. ठासणीची उघडत नाही म्हणून बघितलीच नव्हती.

"टोपी न्हवती ह्यावर, म्हणून वाचलासा," मिस्त्री म्हणाले. ठासणीच्या बंदुकीत घोड्याखाली एक बारीक निपल असतं, त्यावर तांब्याची टोपी बसवली की ती ठिणगी देते. आजोबा बंदूक कायम भरून ठेवत आणि टोपी तेवढी काढून कनवटीला लावत, हे मला नंतर बाबांनी सांगितलं. रात्री डुक्कर आला तर ठासत बसायला वेळ कुठला? एका माणसाच्या हयातीत ती सोयीची सवय होती. त्याने जाताना कुणाला सांगितलं नाही, इतकंच.

मिस्त्रींनी नळी वाईसमध्ये धरली, तोंड वाळूच्या पोत्याकडे, निपल काढून तिथून थेंब थेंब पाणी सोडलं आणि तसंच तासभर ठेवलं. मग गजाच्या टोकाला मळसूत्र बसवून आत घातलं आणि बूच काढावं तसं पीळ देत ओढलं. आधी आला काथ्याचा बोळा, काळा पडलेला. मग शिशाचे छर्रे, वर पांढरी बुरशी आल्यासारखे, एकेक करत ताटलीत वाजले. मग कापडाचा घट्ट बोळा. आणि त्यामागे काळा चिखल. त्या चिखलात एक खडा मधे कोरडा राहिला होता. तो त्यांनी दारात पत्र्यावर ठेवला, लांब काडी लावली. भस्स. पांढरा धूर आणि सडक्या अंड्याचा वास.

तो वास मला ओळखीचा होता. आजोबा बार काढून आले की त्याच दिवशी आज्जीकडून न्हाणीतलं कढत पाणी मागून घेत आणि नळीत ओतत. निपलातून राखाडी पाण्याची धार लागे, अंगणभर हाच वास. काळ्या दारूची काजळी पाणी धरते आणि रात्रीत लोखंड खाते, म्हणून कढत पाणी. नळी इतकी तापते की आतलं उरलं-सुरलं पाणी आपोआप वाळतं. मग तेल. हे सगळं इतक्या निगुतीने करणारा माणूस नंतर त्याच नळीत पुन्हा बार ठासून ठेवत होता.

कापडाचा बोळा मी कागदात बांधून घेतला.

दुनळीकडे वळायला दुपार झाली. डाव्या घोड्याची कळ खोलल्यावर आत मधासारखा पिवळा लगदा. "खोबरेल घातलंय न्हवं?" मी हो म्हटलं. आमच्याकडे केसांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल. "ते थंडीत गोठतंय, वर्सानं राळ हुतंय. घोडा निम्म्यात येऊन दमतोय, मग टोपी कशी फुटायची?" कमानही दमली होती. घासलेट घालून सगळं धुतलं, नवी कमान वाकवून, तावून, पाणी देऊन बसवायची ठरली. इथवर सोपं होतं.

पण त्यांची नजर दस्त्यावर गेली. मनगटाशी, जिथे हात धरतो तिथे, केसाएवढी चीर. मग पुढचं लाकूड काढून त्यांनी बंदूक हलवली. नळ्या बिजागरीत किंचित खुळखुळल्या. "लई लाथ मारत्या काय?" मारते, म्हटलं, बाबांचा खांदा नेहमी काळानिळा. भिंग घेऊन त्यांनी नळ्यांच्या पोटाखालचे शिक्के बघितले. लंबगोलात ई, एल, जी ही रोमन अक्षरं, लीएजच्या चाचणीघराची खूण. आणि बाजूला १२ आणि ६५ असे आकडे.

"तुमी काडतूस कंचं घालतासा?"

शक्तिमान. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. सगळेच घालतात.

त्यांनी बिस्किटाचा डबा मागितला, त्यातली पाच-सहा टरफलं निवडून बाकड्यावर उभी केली आणि आपल्या खणातलं एक रिकामं त्यांच्या शेजारी. त्यांच्या टरफलाचं तोंड गोल, सरळ. आमच्या सगळ्यांची तोंडं ताणलेली, दातरे पडलेली, एक तर चिरलेलं.

काडतुसावर ७० मिलिमीटर लिहिलेलं असतं ते उडल्यानंतरच्या लांबीचं. न उडालेलं काडतूस तोंड दुमडून आखूड केलेलं, म्हणून ते ६५ च्या घरातही, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेतही, सुखाने बसतं. बार निघाला की दुमडलेलं तोंड उलगडतं, आणि ६५ च्या पुढे नळी अरुंद व्हायला लागते. तोंडाला उलगडायला पाच मिलिमीटर जागाच नाही. छर्रे त्या चिमटीतून जातात आणि मागे दाब वाढतो. काडतुसात खोट नाही, बंदुकीत खोट नाही, एकमेकांची नव्हेत एवढंच. ती लाथ, ती चीर, तो खुळखुळा, सगळं त्या पाच मिलिमीटरचं. आणि बाबांचा खांदा.

"घर वाढवता येईल ना?" मी विचारलं.

"यील की. मग नळी पातळ हुनार, पुन्ना चाचणी कोन देनार? मी हात लावनार न्हाई." कारागीर नाही म्हणतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो, हा माझा अनुभव. ६५ ची काडतुसं मी पुढे जेवढ्या दुकानांत विचारली तेवढ्यांत नव्हती.

घरी येऊन बाबांना आधी कापडाचा बोळा दाखवला. त्यांनी तो ओट्यावर बसून नखाने उलगडला. विटकरी रंग, कडेला हिरव्या काठाची दोन बोटं. "आयेचा जुनेर," ते म्हणाले. "ह्या लुगडा माका आठावता." मग बराच वेळ गप्प. मग, "माका वाटला काढलेली आसतली."

दुनळीचं सांगितलं तर पटेना. डोळ्यांपुढे चाळीस वर्षं त्याच काडतुसांनी बार काढलेला माणूस. मी डब्यातली टरफलं समोर मांडली. त्यांनीच वर्षावर्षाने जपलेली, त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांसह. एकेक उचलून त्यांनी तोंडावरून बोट फिरवलं.

म्हणजे नवी घ्यायची. आणि तिथे कायदा आडवा: एका परवान्यावर आता दोनच बंदुका. २०१९ आधी तीन चालायच्या. वारशाने आलेली असली तरी ती दोनांतच मोजतात. एक भावाच्या नावावर करू म्हटलं, तर तो ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, तिथे कसली शेती राखणार? शिवाय त्याच्या बायकोने स्पष्ट सांगितलं, घरात बंदूक आली तर मी जाईन.

कुठली घालवायची? मी मनाशी धरलं होतं की ठासणीची जाईल. लाकूड खाल्लेलं, शोभेची, आणि तिने मला दिलेला धक्का ताजा होता. बेल्जियमची निदान नक्षीची. बाबांनी उलटं ठरवलं. "ती दुसऱ्याचा खाता," दुनळीबद्दल म्हणाले. "ही आमी घालू ता खाता." आणि खरंच आहे, ठासणीच्या बंदुकीला लांबी-आखूडपणाची भानगडच नाही. नळी मिस्त्रींनी मागचा आटा खोलून आतून बघितली होती, खड्डे नव्हते. त्यांच्या शब्दांत, "ल्हवार जानता हुता. लाकूड तेवडं संपलंय."

तर लाकूड. मी गेल्या साली पडलेल्या शिसवीचा ठोकळा नेला. मिस्त्रींनी वजन करून परत दिला. ओला आहे, दोन वर्षांनी आणा. घरी जुन्या माजघराच्या दाराची चौकट पडवीत पडून होती, शिसवाचीच, आजोबांच्या वडिलांच्या वेळची. तिचा उभा खांब नेला. त्यांनी रंध्याचे दोन हात मारले, थुंकी लावून रेषा बघितल्या, आणि पहिल्यांदा हसले. मनगटाच्या जागी रेषा सरळ लांबीत गेल्या पाहिजेत, आडव्या आल्या की तिथेच मोडतं. एक खिळ्याचं भोक होतं, ते दस्त्याच्या डाव्या अंगाला येईल असं त्यांनी आखलं.

नळी लाकडात बसवताना मी दोन दिवस त्यांच्याकडे होतो, आणि त्या दोन दिवसांत जे बघितलं त्यासाठी घाट पुन्हा चढेन. तेलाचा दिवा लावून नळीच्या पोटाला काजळी धरायची. नळी खाचेत हलकेच ठेवायची, दाबायची, उचलायची. लाकडात जिथे काळा ठिपका उमटला तिथे उंचवटा, तेवढाच पटाशीने खरवडायचा, नखाच्या पापुद्र्याइतका. पुन्हा काजळी, पुन्हा ठेव, पुन्हा उचल. पहिल्या दिवशी सकाळी खाचेत दोन ठिपके होते. संध्याकाळपर्यंत वीसेक. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी खाच एकसारखी काळी झाली, मोकळी जागा कुठेच नाही. नळी ठेवली तर आत हवा दबल्याचा बारीक आवाज आला. शेवटी त्यांनी गज रिकाम्या नळीत बुडापर्यंत सोडला आणि तोंडाच्या रेषेत त्यावर कानशीने एक खाच पाडली. "ही खाच तोंडाला आली तर रिकामी. वर ऱ्हायली तर पावणं, हात जोडायचं."

नवी घेणं त्या मानाने किरकोळ. दुकानात मुंगेरच्या एकनळ्या होत्या, पंपाच्या होत्या. मी साधी दुनळी घेतली, घोडे आत लपलेली, घर ७० चं. उजेडाकडे धरून नळ्यांत वर्तुळं सलग दिसतात का बघितली, डोळे मिटून खांद्याला लावून उघडल्यावर नळीच्या टोकावरची नेमाची माशी नजरेसमोर येते का बघितली. पुस्तिकेत नोंद, दुकानदाराच्या रजिस्टरात सही, मग ठाण्यात आणि परवाना शाखेत दाखवून क्रमांक चढवणं. बेल्जियमची त्याच दुकानदाराने परवानगीचा कागद बघून ठेवून घेतली. एका पोत्या काजूबियांच्या दामातही गेली नाही. बाबा गाडीतून उतरले नाहीत. घरी नवी हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "घोडे खंय आसत?"

आत, म्हटलं.

"मगे ताणलेली आसा काय नाय ता कळतला कसा?"

कळत नाही. म्हणूनच उघडून बघायची. हे मी त्यांना सांगितलं, आणि सांगताना सुभेदारांसारखा आवाज निघाला.

पुढच्या निवडणुकीला पत्र आलंच. कुणाच्या बंदुका जमा करायच्या ते ठरवायला आता छाननी समिती असते, शेतीराखणीच्या माणसांना वगळावं म्हणून आमच्याकडचे शेतकरी दर वेळी अर्जही करतात, पण आमचं नाव यादीत होतं. काजूचा हंगाम ऐन भरात, वानरांना आचारसंहिता नाही. दोन्ही घेऊन गेलो. ठाण्याच्या व्हरांड्यात रांग, बहुतेक ठासणीच्याच, सुतळीने चिठ्ठ्या बांधलेल्या. टेबलावर तरुण हवालदार. नवी मी उघडून दाखवली, त्याने आत डोकावून बघितलं, लिहिलं. ठासणीची पुढे केली तर तो लिहायलाच लागला.

"थांबा," मी म्हटलं. गज उपसला, नळीत सोडला. ठण्ण. खाच तोंडाच्या रेषेत आली. त्याला वाकून बघायला लावली.

मागे रांगेत एक म्हातारे होते, त्यांच्या बंदुकीचा गज केव्हाच हरवलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या बंदुकीकडे. माझा गज त्यांनी मागून घेतला.

हवालदाराने पावती फाडली. बारा बोअर दुनळी एक. ठासणीची एक. मग पेन थांबवून विचारलं, "गज वेगळा लिहू?"

लिहा, म्हटलं. पण जरा थांबा, तो परत येऊ दे.